झेलायची मुभा

व्हॉलीबॉल हा खेळ मुळात सोपा म्हणूनच काढला होता, हे आपल्यापैकी फार कुणाला ठाऊक नसतं. आजच्या मॅचमध्ये तो उंच उडी मारून हाणलेला चेंडू पाहिला की कुणी हा खेळ ‘हलका व्यायाम’ म्हणून शोधला असेल यावर विश्वासच बसत नाही. पण झालं तसंच. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यात होलिओक नावाचं गाव आहे. तिथल्या वाय.एम.सी.ए.मध्ये विल्यम मॉर्गन हे तरुण गृहस्थ व्यायामाचे संचालक होते. त्यांच्याकडे येणारी मंडळी म्हणजे गावातले मध्यमवयीन व्यापारी, दुकानदार. दिवसभर गादीवर बसून पोटं सुटलेली. जवळच्याच स्प्रिंगफील्डमध्ये जेम्स नायस्मिथ यांनी १८९१ साली बास्केटबॉल काढला होता, पण त्यातली धावाधाव आणि धक्काबुक्की या शेटजींना झेपेना. मग मॉर्गननी १८९५ साली टेनिसची जाळी साडेसहा फुटांवर टांगली आणि चेंडू हातांनी इकडून तिकडे टोलवायला लावला. बास्केटबॉलचा चेंडू हाताला जड लागला, त्यातला नुसता ब्लॅडर फारच हलका निघाला, म्हणून वेगळा चेंडू बनवून घेतला. किती खेळाडू असावेत याचं बंधन नव्हतं. जेवढे आले तेवढे उभे राहिले. खेळाचं नाव होतं ‘मिंटोनेट’. पुढच्या वर्षी स्प्रिंगफील्डला त्याचं प्रात्यक्षिक झालं, तेव्हा अल्फ्रेड हॉल्स्टेड नावाच्या एका शिक्षकांनी ‘व्हॉली बॉल’ हे नाव सुचवलं आणि तेच चिकटलं.

म्हणजे व्हॉलीबॉल हीच मुळात बास्केटबॉलची सोपी आवृत्ती. दमलेल्या पुरुषांसाठी काढलेली. पण त्याला ‘सोपा प्रकार’ असं कुणी म्हणत नाही. तो मोठा खेळ झाला, ऑलिंपिकला गेला.

त्याच १८९५ साली, होलिओकपासून शेकडो कोस दूर, न्यू ऑर्लिन्स शहरात एका बाईने जवळपास असाच एक खेळ काढला. तिचं नाव क्लारा ग्रेगरी बेअर. तिचा खेळ मात्र शंभर वर्षं ‘मुलींचा’, ‘नवशिक्यांचा’, ‘पी.टी.च्या तासाचा’ असाच राहिला. आपण शाळेत थ्रोबॉल म्हणून जे खेळलो, त्याची ही मोठी बहीण. म्हणून तिची हकीकत जरा सावकाश सांगते.

न्यू ऑर्लिन्समध्ये जोसेफिन न्यूकम नावाची एक श्रीमंत विधवा होती. तिला एकच मुलगी उरली होती, सोफी. १८७० साली घटसर्पाने ती गेली, वयाच्या पंधराव्या वर्षी. आई पुढे सोळा वर्षं तिची आठवण कशी ठेवावी याचा विचार करत राहिली आणि १८८६ साली तिने ट्युलेन विद्यापीठाला एक लाख डॉलर दिले, मुलीच्या नावाने मुलींचं कॉलेज काढा म्हणून. आपल्या समाजातही लेकीच्या, सुनेच्या स्मरणार्थ धर्मशाळा बांधल्या जातात, पाणपोया होतात, मंदिरात वेदी होते. लेकीच्या नावाने इतर लेकींना शिकवावं हे त्या काळात त्या बाईला सुचलं याचं मला नेहमी अप्रूप वाटतं. हेही सांगायला हवं की ते कॉलेज तेव्हा फक्त गोऱ्या मुलींसाठी होतं. त्याच शहरातल्या काळ्या मुलींना त्याच्या दारात पाऊल ठेवता येत नव्हतं.

या कॉलेजात १८९१ साली क्लारा बेअर शारीरिक शिक्षण शिकवायला आल्या. त्या वेळचं वातावरण कसं होतं? बोस्टनचे एक नामांकित डॉक्टर, एडवर्ड क्लार्क, यांनी १८७३ साली एक पुस्तकच लिहिलं होतं की मुलींनी मुलांसारखा अभ्यास केला तर त्यांच्या शरीराची शक्ती डोक्याकडे जाते आणि त्या पुढे आई व्हायला निकामी होतात. डोकं चालवून एवढं नुकसान, तर हातपाय चालवून काय होत असेल! बेअरबाईंनी या समजुतींशी उघड भांडण मांडलं नाही. त्यांनी नायस्मिथचा बास्केटबॉल घेतला, मैदानाचे भाग पाडले, ज्या मुलीचा जो भाग तिने तिथेच खेळायचं असं ठरवलं, धावाधाव कमी केली आणि १८९५ साली ‘बास्केट’ या नावाने नियम छापले. मुलींच्या बास्केटबॉलचे हे पहिले छापील नियम. आज कुणी म्हणेल, ही तर मुलींना बांधून ठेवण्याचीच रीत. मला तसं वाटत नाही. दार पूर्ण उघडणार नसेल तर फटीतून का होईना मुलगी बाहेर काढावी, एवढा व्यवहार आपल्या सगळ्यांच्या आया-आज्यांना कळत होता.

पण बास्केटलाही जागा लागे, टोपल्या लागत. बेअरबाईंना असं काही हवं होतं जे झटपट मांडता येईल, खूप मुली एकदम खेळतील, छोट्या जागेत आणि थोड्या वेळात होईल, कुठल्याही ऋतूत चालेल आणि चेंडूशिवाय एक पैसा खर्च येणार नाही. ही यादी वाचली की मला हसू येतं. घरच्या बाईने समारंभाचा बेत ठरवावा तशी ती आहे. यातून जो खेळ निघाला त्याला त्यांनी कॉलेजचं नाव दिलं, ‘न्यूकम’. मुलींचे दोन गट समोरासमोर, मध्ये हद्द. इकडच्यांनी चेंडू फेकायचा, तिकडच्यांनी झेलायचा. तिकडच्या अंगणात चेंडू जमिनीला टेकला की इकडच्यांना गुण. बस्स. पुढे मध्ये दोरी आली, जाळी आली आणि तो व्हॉलीबॉलच्या शेजारी जाऊन बसला. १९२०च्या दशकात अमेरिकेत हा खेळ लोकप्रियतेत व्हॉलीबॉलच्या बरोबरीने होता. पंधराव्या वर्षी गेलेल्या एका मुलीचं नाव घेऊन हजारो मुली मैदानात उतरत होत्या, आणि त्यातल्या बहुतेकींना ते माहीतही नसेल.

आता दोन्ही खेळांतला फरक पाहा. व्हॉलीबॉलमध्ये चेंडू हातात थांबवायचा नाही. आला की टोलवायचा. डोळ्याची पापणी लवेपर्यंत सगळं आटपायचं. चेंडू कुठे पडणार हे आधी ओळखायचं, पाय तिथे न्यायचे, मनगटं जोडायची आणि लागला की तो सरळ वर जायला हवा. नवशिक्याच्या हाताला लागून तो जातो भलतीकडेच. चाळीस मुलींचा वर्ग, एक चेंडू, पस्तीस मिनिटांचा तास. सर्व्हिस झाली, चेंडू पडला. सर्व्हिस झाली, चेंडू जाळीत. सर्व्हिस झाली, चेंडू नाल्यात, एक मुलगी आणायला धावली. तासाभरात बहुतेकींच्या हाताला चेंडू लागतच नाही, आणि ज्यांच्या लागतो त्यांची मनगटं लाल होतात. दुसऱ्या दिवशी निम्म्या मुलींचं पोट दुखतं.

झेलायची मुभा दिली की हे सगळं पालटतं. चेंडू हातात आला की क्षणभर थांबता येतं. बघता येतं, समोर कोपरा कुठला रिकामा आहे, मागची मैत्रीण मोकळी आहे का. चेंडू पडत नाही म्हणून खेळ चालू राहतो, खेळ चालू राहतो म्हणून प्रत्येकीला पाळी येते. व्हॉलीबॉलची बाकी सगळी अक्कल, म्हणजे जागा धरणं, ओरडून ‘माझा’ म्हणणं, तीन हातांत चेंडू पलीकडे घालवणं, सर्व्हिसगणिक जागा बदलत फिरणं, हे सगळं यात शिकून होतं. फक्त टोलवायचं राहतं. व्यायाम शिकवणारे लोक नवशिक्यांना आधी झेलून-फेकून खेळवतात, मग एकच फटका टोलवायला लावतात, मग दोन, असं करत खऱ्या खेळापर्यंत नेतात, ते याचसाठी.

आपल्याकडे हा प्रकार आला तो मद्रासमार्गे. हॅरी क्रो बक नावाचे अमेरिकन गृहस्थ, ज्या स्प्रिंगफील्डमध्ये बास्केटबॉल जन्मला आणि व्हॉलीबॉलचं बारसं झालं तिथेच शिकलेले, १९१९ साली मद्रासला आले. १९२० साली त्यांनी तिथे वाय.एम.सी.ए.चं शारीरिक शिक्षणाचं विद्यालय काढलं. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकला भारताचा जो संघ गेला, त्याच्याबरोबर व्यवस्थापक म्हणून हेच बकसाहेब होते. या संस्थेतून तयार झालेले शिक्षक देशभर पांगले आणि त्यांच्याबरोबर शिटी, चुन्याच्या रेघा आणि खेळांचे नियमही पांगले. थ्रोबॉल मद्रासला १९४०च्या दशकात बायकांचा खेळ म्हणून खेळला जाऊ लागला.

इथे एक गंमत आहे. थ्रोबॉलचे नियम बकसाहेबांनी १९५५ साली बांधले, असं जागोजागी छापलेलं आढळतं. पण बकसाहेब १९४३ सालीच वारले! मग बारा वर्षांनी नियम कुणी लिहिले? त्यांच्या कॉलेजने काही काम केलं असेल, तर ते त्यांच्या खात्यात जमा झालं असणार. शिकवणाऱ्यांत, खेळणाऱ्यांत बायकाच असताना कर्तेपण साहेबांच्या नावावर. पुरणपोळ्या लाटल्या सुनांनी आणि वाहवा झाली यजमानांची, असं आपल्याला काही नवीन नाही. थ्रोबॉलची अखिल भारतीय संघटना १९७८ साली झाली आणि मग नियम पक्के झाले. एका बाजूला सात जणी. चेंडू दोन्ही हातांनी झेलायचा, तीन सेकंदांच्या आत एका हाताने, खांद्याच्या वरून फेकायचा. जाळीच्या दोन्ही अंगांना दीड-दीड मीटर जागा मोकळी सोडायची, तिथे पाय ठेवायचा नाही.

मद्रासहून माळव्यापर्यंत यायला आणखी एक मुक्काम लागतो, तो ग्वाल्हेरचा. १८५७ च्या स्वातंत्र्यसमराला शंभर वर्षं झाली म्हणून सरकारने १९५७ साली ग्वाल्हेरला शारीरिक शिक्षणाचं कॉलेज काढलं आणि त्याला राणी लक्ष्मीबाईंचं नाव दिलं. राणींनी देह ठेवला तो याच गावात. पहिले प्राचार्य पी. एम. जोसेफ, जे आधी मुंबईला कांदिवलीच्या सरकारी प्रशिक्षण संस्थेत होते. सुरुवातीला हे कॉलेज उज्जैनच्या विक्रम विद्यापीठाला जोडलेलं होतं. लढाईत घोड्यावर बसलेल्या एका मराठी बाईच्या नावाचं कॉलेज, आणि मध्य प्रदेशातल्या शाळांमध्ये खेळाचे तास घेणाऱ्यांपैकी कितीतरी जण तिथून शिकून आले, हे मला बरं वाटतं.

आमचं सोनकच्छ आज देवास जिल्ह्यात असलं तरी पूर्वी ते देवासच्या पवारांचं नव्हे, ग्वाल्हेरच्या शिंद्यांचं. काली सिंधच्या काठी, भोपाळ-इंदूर रस्त्यावरचं तहसिलीचं गाव. बाहेरच्यांना ते आता पुष्पगिरी तीर्थामुळे ठाऊक आहे, जुन्या मूर्तींची आवड असलेल्यांना शेजारच्या गंधर्वपुरीमुळे. खेळांच्या इतिहासात त्याचं नाव कुठे नाही. पण अशा गावांतूनच हे खेळ खरे रुजले किंवा रुजले नाहीत, म्हणून इथलं सांगणं मला महत्त्वाचं वाटतं.

ऐंशीच्या दशकात आमच्या मुलींच्या शाळेत खेळाचा तास होता, पण मैदान म्हणजे काळी माती. पावसाळ्यात चपला रुतून बसत आणि उन्हाळ्यात भेगांत पाऊल अडके. खेळायचे महिने चारच, दिवाळी ते होळी. व्हॉलीबॉल मुलांच्या शाळेत होता, आणि संध्याकाळी बसस्टँडमागे मोठी माणसंही खेळत. माळव्यातल्या गावागावांत तो पुरुषांचा संध्याकाळचा खेळ आहे, आजही. आम्हाला बहनजींनी दोन कडुनिंबांना सुतळीचा दोर बांधून दिला. त्यावर जुन्या ओढण्या टाकायच्या, म्हणजे चेंडू वरून गेला की खालून यावर भांडण नको. पहिला आठवडाभर नुसतं दोन्ही हातांनी फेकणं आणि छातीशी न लावता बोटांनी झेलणं. आम्ही सगळ्या चेंडूला मांजराच्या पिलासारखं पोटाशी धरायचो, ते सोडवायला बहनजींना फार कष्ट पडले. मग नियम आले. झेलल्यावर पाऊल हलवायचं नाही. आपल्यात तीनदा फेकल्याशिवाय पलीकडे फेकायचं नाही. हा नियम छापील थ्रोबॉलचा नाही, न्यूकमच्या शाळकरी प्रकारांतला आहे, आणि बहनजींनी तो लावला म्हणून आमच्या वर्गातल्या कोपऱ्यात उभ्या राहणाऱ्या मुलींनाही चेंडू मिळाला. नाहीतर दोन उंच मुलीच खेळत राहिल्या असत्या.

ओढणी तिरकी घेऊन कमरेला गाठ. वेणी वर बांधलेली. चेंडू आला की ‘मेरा! मेरा!’ म्हणून ओरडायचं. हे ओरडणं आम्हाला सगळ्यात अवघड गेलं. घरात ज्या मुलीला आवाज खाली ठेव म्हणून दहादा सांगितलं जातं, ती मैदानात चारचौघींसमोर ‘माझा’ म्हणून कशी ओरडेल? जमायला महिना लागला. जैन घरांतल्या आम्हा चार-पाच जणींची आणखी एक अडचण. थंडीत सूर्य पावणेसहाला मावळतो, त्याआधी जेवण. शाळेनंतरच्या सरावाला आम्ही थांबलो तर घरी ताट झाकलेलं आणि आई दारात. बहनजींनी आमच्यासाठी सराव मधल्या सुट्टीत आणला. त्या स्वतः जैन नव्हत्या, तरी त्यांनी कधी त्यावर तोंड वाकडं केलं नाही.

पुढच्या इयत्तांत वर्गातल्या मुली एकेक करून कमी झाल्या. कुणाची पाळी सुरू झाली म्हणून आईने बंद केलं, कुणाचं ठरलं, कुणी आता मोठी झाली. ज्या उरलो त्यांना तालुक्याच्या स्पर्धेत नेलं, तेही थ्रोबॉललाच. टोलवायची पायरी काही आली नाही. सोपा खेळ म्हणजे मोठ्या खेळाची पहिली पायरी असं पुस्तकात लिहिलेलं असतं. मुलींच्या बाबतीत पहिल्या पायरीलाच गच्ची म्हणतात. ज्या मुलीच्या हातात ताकद होती आणि उंचीही होती, तिला व्हॉलीबॉल कधी मिळालाच नाही. थ्रोबॉलला ऑलिंपिक नाही, आशियाई खेळांत जागा नाही. चांगलं खेळून त्या खेळात जाणार कुठे? हा माझा या खेळावरचा खरा आक्षेप आहे. क्लारा बेअर यांच्यावर नाही. त्यांनी १८९५ साली जे उघडलं ते आपण १९८५ सालीही तेवढंच उघडं ठेवलं, हा दोष आपला.

याच्या अगदी उलट टोक पाहायचं तर जपान. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये व्हॉलीबॉल पहिल्यांदा आला. ऑलिंपिकमध्ये बायकांना मिळालेला हा पहिला सांघिक खेळ. त्यात जपानच्या बायकांनी रशियाला हरवून सोनं नेलं. संघातल्या बहुतेक मुली कैझुका इथल्या निचिबो कंपनीच्या कापड गिरणीत नोकरी करणाऱ्या. दिवसा काम, मग मध्यरात्रीपर्यंत सराव. दाइमात्सु नावाचे प्रशिक्षक इतके कठोर की बाहेरच्यांना ते बघवत नसे. कुणी त्यांना सोपा प्रकार दिला नाही. पण एवढं पिळून घेणं हेही मला काही आदर्श वाटत नाही. मला त्यानंतरची गोष्ट जास्त आवडते. हा विजय पाहून जपानभर साध्या गृहिणींनी मंडळं काढली. ‘मामासान व्हॉलीबॉल’ असं त्याला नावच पडलं. एका बाजूला नऊ बाया, घरचं आटपून यायचं आणि शाळेच्या सभागृहात खेळायचं. त्यांच्या राष्ट्रीय स्पर्धा होतात.

आणि इस्रायलमध्ये २००५ सालापासून शाळकरी मुलांच्या आयांसाठी ‘मामानेट’ नावाच्या लीग सुरू झाल्या. त्यांचा खेळ कुठला? काचिबोल. म्हणजे झेलायचं आणि जाळीवरून फेकायचं. बेअरबाईंचाच खेळ, फिरून फिरून आलेला. पन्नाशीतल्या गुडघ्यांना टोलवण्यापेक्षा झेलणं परवडतं हे त्या आयांनी ओळखलं. अर्जेंटिनात तर साठीपुढची माणसं न्यूकम खेळतात, आज्या आणि आजोबा एका संघात. पोट सुटलेल्या शेटजींसाठी काढलेला खेळ तरुणांचा झाला आणि कॉलेजच्या पोरींसाठी काढलेला खेळ आज्यांच्या कामाला आला!

परवा पुतणीच्या शाळेसाठी मी दोन्ही खेळांची मापं एका कागदावर उतरवत होते. बायकांच्या व्हॉलीबॉलची जाळी २.२४ मीटर. थ्रोबॉलची २.२० मीटर. फरक चार सेंटिमीटर, दोन बोटांचा. मैदान पाहिलं तर थ्रोबॉलचंच मोठं, १८.३० बाय १२.२० मीटर, व्हॉलीबॉलचं १८ बाय ९. म्हणजे ज्या खेळाला आपण सोपा म्हणून मुलींच्या पदरात टाकला, त्यात सात जणींना जास्त जमीन राखावी लागते. त्या शाळेत खांब पुरलेले आहेत, जाळी चांगली आहे, शिक्षिका तरुण आहे. मी तिला विचारलं, नववीच्या मुलींना सर्व्हिस तरी टोलवून करायला लावता का? ती म्हणाली, काकू, या सत्रात सर्व्हिस, पुढच्या सत्रात दुसरा हात, आणि दहावीपर्यंत झेलणं बंद. कागद तिने ठेवून घेतला.

आमच्या महिला मंडळात दशलक्षण पर्वानंतर दरवर्षी लिंबू-चमचा आणि संगीतखुर्ची होते. यंदा मी दोर बांधायचा विषय काढला. दोघी-तिघींनी साडीचं काय म्हणून विचारलं, एकीने गुडघ्याचं. अध्यक्षा म्हणाल्या, धर्मशाळेच्या मागच्या अंगणात जागा आहे, सकाळी सात ते आठ. चेंडू इंदूरहून आणायला सांगितला आहे, जरा मऊ बघून.